पुण्यात चर्चच्या शिपाईकामाला नव्याने आलेल्यांसाठी : उपवासकाळ, ईस्टर आणि पावसाआधीची कामे

राहुरी, श्रीरामपूर, जालना या भागांतून दरवर्षी दोन-चार जण तरी पुण्यात चर्चच्या शिपाईकामाला येतात. मीही सत्तावीस वर्षांपूर्वी राहुरी तालुक्यातील एका खेड्यातून असाच आलो. आमच्या गावचे चर्च म्हणजे कौलारू छपराची एक मोठी खोली, निंबाच्या झाडाला टांगलेली घंटा आणि पाळकसाहेबांच्या ओटीवर खिळ्याला अडकवलेली किल्ली. तेवढ्या अनुभवावर मी येथे शंभर वर्षांहून जुन्या दगडी इमारतीची जबाबदारी घेतली आणि पहिल्याच वसंतात जे नुकसान केले, ते अजून भरून आलेले नाही. नव्याने आलेली मुले तीच चूक करताना दिसतात, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम तारखांचा हिशोब समजून घ्या, कारण सगळी कामे त्यावर बेतलेली असतात. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरला तर बहुतेक वेळा हिशोब जुळतो, पण नेहमी जुळत नाही; २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच आला होता. ईस्टरच्या सेहेचाळीस दिवस आधी राखेचा बुधवार येतो; त्या दिवशी कपाळाला राख लावतात आणि उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळले की उपवासकाळाचे चाळीस दिवस उरतात. नवीन दिनदर्शिका हाती आली की या तारखांवर त्याच दिवशी खुणा करा आणि राखेच्या बुधवारापासून मागे तीन आठवडे मोजून तेथे आणखी एक खूण करा. ती खूण पन्हळीची, म्हणजे छपराचे पाणी वाहून नेणारी नाली साफ करण्याची.

गावाकडे आपण शाकारणी वैशाखात करतो, सुगी उरकल्यावर, मृगाच्या आधी. मीही तसेच ठरवले होते. ईस्टर होऊन जाऊ दे, मंडळीची गर्दी ओसरू दे, मग शिडी लावू, असे मी कमिटीच्या सचिवांना सांगितले आणि त्यांनीही मान डोलावली. परंतु या जुन्या इमारतींचे छप्पर गावच्या छपरासारखे पाणी थेट अंगणात सोडत नाही. दोन उतारांच्या बेचक्यात किंवा दगडी कठड्याच्या आतल्या बाजूला पन्हळ असते, ती खालून दिसत नाही, आणि माघ-फाल्गुनात पिंपळ व शिरीष यांची पानगळ होते तेव्हा सगळा पाला तिच्यात जाऊन बसतो. त्यावर पारवे काड्या रचतात. त्या वर्षी पवित्र आठवड्यातल्या, म्हणजे ईस्टरच्या लगेच आधीच्या आठवड्यातल्या, बुधवारी संध्याकाळी वळीव आला. पाऊण तासाचाच पाऊस, पण गारांसह. पन्हळ तुंबलेली असल्यामुळे पाणी कठड्यावरून बाहेर पडण्याऐवजी भिंतीतून आत उतरले आणि वेस्ट्रीतील (पाळकांचे झगे आणि चर्चच्या वस्तू ठेवण्याच्या खोलीतील) लाकडी कपाटाच्या मागच्या फळीवरून थेट नोंदवह्यांवर गेले.

त्या कपाटात बाप्तिस्म्याच्या आणि विवाहांच्या जुन्या नोंदवह्या होत्या. गुरुवारच्या उपासनेची तयारी करण्याच्या घाईत मी कपाट उघडलेच नाही; ते उघडले शनिवारी. भिजलेली पाने एकमेकांना चिकटली होती आणि निळ्या शाईच्या ओळी पसरून नुसते डाग राहिले होते. मग मी दुसरी चूक केली. वह्या कडक उन्हात, चर्चच्या पायऱ्यांवर उघडून ठेवल्या. पाने पापडासारखी वाकली आणि सोडवायला गेलो तेव्हा फाटली. त्यानंतर कितीतरी माणसे आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आली. एक म्हातारी बाई तर सोलापूरहून आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे मला ते डाग दाखवावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. नावाच्या जागी बोट ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

म्हणून पन्हळ राखेच्या बुधवारापूर्वी साफ करून घ्या आणि पवित्र आठवड्याच्या आधीच्या शनिवारी पुन्हा एकदा पाहा. साफ झाल्यावर दोन बादल्या पाणी ओतून ते खालच्या पाइपातून वाहते की नाही, हे खाली उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कामगाराच्या ‘झालं साहेब’वर विसंबू नका. एकट्याने वर चढू नका, आणि मंगलोरी कौलांच्या मधोमध पाय देऊ नका, वाशावर द्या. नोंदवह्यांचे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून कधीही ठेवू नका. मध्ये हातभर जागा सोडा आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. एवढे करूनही वही भिजलीच तर ती सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, पानांमध्ये टीपकागद घालून आणि ते बदलत वाळवा. चिकटलेली पाने ओढू नका. वही जुनी असेल तर जाणकार माणूस येईपर्यंत तिला हातच लावू नका.

ओल दिसली की कोणीतरी सिमेंटचा गिलावा सुचवतोच. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि ती चुन्यातूनच श्वास घेते. वर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि चुना भुगा होऊन गळू लागतो. कमिटीला हे लेखी कळवा. कॅम्पातील सेंट मेरीज चर्चचा अभिषेक बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ साली केला. गुरुवार पेठेतील पंचहौदाचे पवित्र नाम देवालय १८८५ सालचे आहे आणि त्याच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. सुट्टीच्या दिवशी जाऊन या इमारती नीट पाहा. पावसाचे पाणी कोठून कसे बाहेर सोडले आहे, हे पाहून शिकण्यासारखे आहे.

दुसरा धोका आग्यामोहळाचा. पुण्यात उंच मनोऱ्यांच्या आणि कमानींच्या खाली ही मोहळे लागतात, आणि वसंतात ती ऐन भरात असतात. त्यांच्या खाली झावळ्या जाळू नका, उदाचा धूर करू नका, फटाके वाजवू देऊ नका, आणि पहाटेच्या उपासनेसाठी लावलेल्या मोठ्या दिव्याचा झोत मनोऱ्यावर पडणार नाही याची काळजी घ्या, कारण अंधारात चवताळलेल्या माश्या उजेडाकडे धावतात. पेटता बोळा बांबूला बांधून मोहळ जाळण्याची आपल्याकडची रीत येथे आणू नका. जाणकार माणूस बोलावून रात्री ते हलवून घ्या, आणि हे महिनाभर आधी करा. माश्या उठल्याच तर लोकांना आत घेऊन दारे लावा आणि अग्निशामक दलाला १०१ वर फोन करा.

राखेच्या बुधवारच्या राखेसाठी गेल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून मलमलीतून गाळाव्यात. तीत पाणी घालू नये, कपाळाची कातडी भाजते. थेंबभर खोबरेल पुरते. सगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे उपासक-समूह, राख लावत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. झावळ्यांच्या रविवारासाठी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारासाठी, नव्या झावळ्या शुक्रवारीच आणून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. धुळवड आणि रंगपंचमीच्या आदल्या रात्री फाटकाजवळच्या दगडी खांबांना जुनी चादर बांधावी.

आज्ञा गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पाय धुण्याच्या विधीसाठी घंगाळ, तांब्या, बारा टॉवेल आणि कोमट पाणी लागते. पाणी कोमटच हवे. एकदा मी उन्हाने तापलेल्या टाकीतले पाणी तसेच भरले आणि पहिल्याच म्हाताऱ्या गृहस्थांनी पाय मागे घेतला. त्या रात्री वेदीवरील सारे वस्त्र उतरते. कॅथलिक चर्चमध्ये त्या रात्रीपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत घंटा वाजत नाही, त्यामुळे सवयीने दोरीला हात जाऊ नये म्हणून ती वर बांधून ठेवा.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन उपासना चालते आणि नेमके तेच तास एप्रिलमधील सर्वांत कडक उन्हाचे असतात. लोक काळे किंवा पांढरे कपडे घालून, कित्येक जण उपाशी येतात. गेल्या काही वर्षांत एकही शुक्रवार असा गेला नाही की कोणाला भोवळ आली नाही. माठ आदल्या दिवशी भरा, पूर्वेकडच्या खिडक्या पहाटे उघडून नऊला बंद करा, दाराजवळचे दोन बाक रिकामे ठेवा. ईस्टरची उपासना पहाटे अंगणात असेल तर सहाच्या आत बाहेर ध्वनिवर्धक लावता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा हा नियम २००० सालापासून आहे. मिरवणूक असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी घ्या. ज्या वर्षी पवित्र आठवडा १४ एप्रिलला लागून येतो, त्या वर्षी रस्ते बंद असतात. २०२२ साली आज्ञा गुरुवार नेमका आंबेडकर जयंतीला आला होता, आणि ज्यांनी फुले बुधवारीच मार्केट यार्डातून आणून ठेवली होती त्यांचीच वेळेवर पोहोचली.

आपल्या भागातल्या माणसांविषयी स्पष्टच लिहितो. आपण कष्टाला मागे हटत नाही, पण विचारायला लाजतो, आणि सांगितलेले काम कळले नाही तरी ‘हो साहेब’ म्हणतो. मराठी उपासना आणि इंग्रजी उपासना एकाच इमारतीत भरत असेल तर वेळेवरून वाद होतातच. त्यात बाजू घेऊ नका, जेवणाच्या पंक्तीत एका मंडळीची गोष्ट दुसरीला सांगू नका. पुणेकर तोंडावर बोलतात ते सुरुवातीला जिव्हारी लागते, परंतु लिहून दिलेला अर्ज ते वाचतात आणि त्यावर काहीतरी करतात, हे मी अनुभवले आहे. गावच्या लग्नांची रजा मार्चमध्ये मागू नका. ईस्टरनंतरच्या सोमवारपासून मागा, आणि त्या दिवशी सकाळी आधी बाकांवरचे मेण काढून घ्या. सुरीने खरवडू नका, वर खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मग वेस्ट्रीचे कपाट उघडून प्रत्येक वहीच्या कण्यावर हात फिरवा, आणि किल्ली जो बदली येईल त्याच्या हातात द्या, खिळ्याला लावून जाऊ नका.