अनुभवी डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नेमताय? या चुका टाळा

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, साखळी हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला संपतो आणि दुसऱ्याच दिवसापासून माणसांना नारळ द्यायला सुरुवात होते. हेड कोचची खुर्ची वाचली, तर बळी बहुतेकदा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचा, म्हणजे डीसीचा जातो. मग व्यवस्थापन जाहीर करतं की आता अनुभवी माणूस आणणार. चाहते खूश होतात, जुन्या नावांच्या याद्या फिरू लागतात. घोळ होतो तो इथून पुढे.

ज्यांनी हा खेळ नुकताच बघायला घेतलाय त्यांच्यासाठी: अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे ११ आणि बचावाचे ११ खेळाडू वेगळे असतात. बचावाची टोळी पूर्णपणे डीसीच्या हाताखाली. सामन्यात साठेक वेळा तरी तो ठरवतो की कोणी क्वार्टरबॅकवर, म्हणजे समोरच्या आक्रमणाचा डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, धावून जायचं, कोणी मागे थांबायचं. हेड कोच आक्रमणातला असेल, तर बचावाच्या बाबतीत डीसी म्हणेल ती पूर्व.

डीसी नेमताना कशी माती खावी आणि तीच चूक पुढे कशी निस्तरावी, ही दोन्ही उदाहरणं एकाच माणसाकडे सापडतात. अँडी रीड. आज कॅन्सस सिटी चीफ्ससोबत तीन सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) त्यांच्या नावावर आहेत. पण २०११ साली ते फिलाडेल्फिया ईगल्सचे हेड कोच होते आणि त्या जानेवारीत त्यांनी डीसी शॉन मॅक्डर्मट यांना काढलं होतं.

आधी हाताखालची माणसं, मग साहेब

नवा डीसी ठरायच्या आधीच रीड यांनी बचावफळीच्या पुढच्या ओळीसाठी जिम वॉशबर्न यांना आणलं. वॉशबर्न यांची पद्धत प्रसिद्ध होती, 'वाइड नाइन'. यात दोन्ही टोकांचे डिफेन्सिव्ह एंड नेहमीपेक्षा बरेच बाहेर उभे राहतात आणि तिथून थेट क्वार्टरबॅकवर झेपावतात. सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, भरपूर मिळतात. पण टोकाचा माणूस बाहेर सरकला की त्याच्या आणि आतल्या बचावपटूच्या (टॅकलच्या) मध्ये मोठं भगदाड पडतं. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक नेमका तिथूनच घुसणार, म्हणून ते भगदाड बुजवायला मागचे लाइनबॅकर तयारीचे लागतात. ईगल्सनी हंगाम सुरू करताना मधल्या लाइनबॅकरच्या जागी केसी मॅथ्यूज हा ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) चौथ्या फेरीत निवडलेला कोरा खेळाडू उभा केला.

हे सगळं जुळवायला जो डीसी आला ते होते व्हान कॅस्टिओ. मेहनती माणूस, रीड यांच्या खास विश्वासातला. पण एनएफएलमधली त्यांची सगळी कोचिंगची वर्षं आक्रमणात गेलेली. त्याआधीपर्यंत ते ईगल्सच्या ऑफेन्सिव्ह लाइनचे (आक्रमणाच्या पुढच्या ओळीचे) कोच होते. त्यात त्या उन्हाळ्यात मालक-खेळाडू वादामुळे लॉकआउट होता, जुलैच्या अखेरीपर्यंत सराव नाही. शिवाय ओकलंडमध्ये समोरच्या रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला) एकट्याने जखडून ठेवण्यासाठी नावाजलेला कॉर्नरबॅक नाम्दी असोमुआ ६ कोटी डॉलरच्या करारावर आणला आणि इथे त्याला बऱ्याचदा झोनमध्ये, म्हणजे खेळाडूऐवजी ठरलेली जागा राखायला, उभं केलं.

त्या हंगामात ईगल्सनी ५० सॅक केले, लीगमध्ये संयुक्त पहिला क्रमांक. तरीही सुरुवात एक विजय आणि चार पराभव अशी झाली आणि शेवट ८-८ वर. म्हणजे वॉशबर्न यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. फक्त ते काम बाकीच्यांच्या कामाशी जुळत नव्हतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅस्टिओ गेले, डिसेंबरमध्ये वॉशबर्न, आणि ४-१२ असा हंगाम संपल्यावर खुद्द रीड.

तेव्हा आधी डीसी ठरवा, मग त्याला त्याची माणसं निवडू द्या. आधीचा एखादा कोच ठेवायचाच असेल, तर मुलाखतीतच स्पष्ट सांगा आणि त्याच्या पद्धतीसोबत काम करता येईल का ते विचारा. उमेदवार लगेच 'हो' म्हणाला तर मला उलट काळजी वाटेल.

एका वर्षाचा आकडा बघून माणूस बाद करणं

आता २०१९. चीफ्सकडे पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक आणि बचाव मात्र दिलेल्या यार्डच्या (प्रतिस्पर्ध्याला किती पुढे सरकू दिलं त्याच्या) हिशेबात ३२ संघांत ३१ वा. जानेवारीत पेट्रियट्सविरुद्ध कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी आधी, जादा वेळेत ३७-३१ अशी हार झाली; त्या जादा वेळेत महोम्सच्या हाती चेंडू आलाच नाही. डीसी बॉब सटन यांना निरोप मिळाला आणि रीड यांनी स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांना बोलावलं.

कागदावर ही निवड धाडसाचीच होती. स्पॅग्नुओलो यांनी २००७ च्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्सचे डीसी म्हणून अपराजित पेट्रियट्सना सुपर बोलमध्ये १४ गुणांवर रोखलं होतं, हे खरं. पण नंतर रॅम्सचे हेड कोच म्हणून तीन वर्षांत १० विजय आणि ३८ पराभव. मग २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे डीसी असताना त्यांच्या बचावाने ७,०४२ यार्ड दिले, एनएफएलच्या इतिहासातला तोवरचा सर्वात वाईट आकडा. आणि २०१८ चं पूर्ण वर्ष ते घरी.

पण २०१२ चा तो आकडा बाजूच्या परिस्थितीसकट वाचला पाहिजे. 'बाउंटी' प्रकरणामुळे (प्रतिस्पर्ध्यांना जखमी करण्यासाठी खेळाडूंना बक्षिसं दिल्याचं प्रकरण) सेंट्सचे हेड कोच शॉन पेटन त्या वर्षी पूर्ण हंगामासाठी निलंबित होते. ज्याने त्यांना नेमलं तोच इमारतीत नाही. अशा वर्षावरून डीसीची लायकी ठरवणं म्हणजे पूर आलेल्या वर्षीच्या पिकावरून शेतकऱ्याला नावं ठेवणं.

रीड यांनी स्पॅग्नुओलो यांना फिलाडेल्फियात १९९९ ते २००६ अशी आठ वर्षं हाताखाली बघितलं होतं, त्यामुळे त्यांना आकड्यांची गरजच नव्हती. शिवाय या वेळी क्रम बरोबर होता. आधी डीसी, मग त्याच्या पद्धतीला लागणारी माणसं: सेफ्टी (सर्वात मागे थांबणारा बचावपटू) टायरन मॅथ्यू आणि डिफेन्सिव्ह एंड फ्रँक क्लार्क. त्या हंगामातच चीफ्स विजेते झाले. पुढे २०२२ आणि २०२३ च्या हंगामांतही.

उलटा धोकाही तितकाच असतो. एका झगझगीत वर्षावर भाळू नका. त्या वर्षी चेंडू किती वेळा हिसकावले ते बघा, कारण टर्नओव्हर दर वर्षी त्याच प्रमाणात मिळत नाहीत. समोरचे क्वार्टरबॅक कोण होते ते बघा. यार्डपेक्षा गुण किती दिले ते बघा.

पद्धत आणि खेळाडू यांची पत्रिका न जुळवणं

बफेलो बिल्सचं २०१५ आठवा. आदल्या वर्षी जिम श्वॉर्ट्झ डीसी असताना बिल्सनी ५४ सॅक केले होते, लीगमध्ये सर्वाधिक. चार जण पुढे, सरळ क्वार्टरबॅकवर जा, एवढा साधा मामला. मग हेड कोच म्हणून रेक्स रायन आले. बचावातले दर्दी, अनुभवाच्या नावाने बोट ठेवायला जागा नाही. त्यांनी स्वतःची गुंतागुंतीची पद्धत आणली, आणि तेच बहुतेक खेळाडू असताना सॅक ५४ वरून २१ वर आले. मारिओ विल्यम्ससारखा, आदल्या वर्षी एकट्याने साडेचौदा सॅक करणारा माणूस फेकलेला चेंडू (पास) अडवायला मागे धावू लागला. नाराजी त्याने लपवली नाही. त्याचे सॅक पाचवर आले आणि पुढच्या मार्चमध्ये करारही संपवला गेला.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला व्हिक फँजिओ. जानेवारी २०२४ मध्ये ते ईगल्सचे डीसी झाले. त्याआधी कॅरोलिना, इंडियानापोलिस, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, मायामी असा त्यांचा फिरता संसार. ईगल्सनी त्याच वर्षी मार्चमध्ये झॅक बॉन नावाचा खेळाडू स्वस्तात, एका वर्षाच्या करारावर घेतला होता. सेंट्सकडे तो कडेला खेळायचा, बराचसा वेळ स्पेशल टीमवर (किकच्या डावांत उतरणाऱ्या संघात). ईगल्सनी त्याला आत सरकवलं, इनसाइड लाइनबॅकर केलं. वर्षाअखेरीस तो ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तमांच्या, संघात होता आणि आदल्या हंगामात यार्डच्या हिशेबात २६ वा असलेला ईगल्सचा बचाव पहिल्या क्रमांकावर.

म्हणून मुलाखतीला उमेदवाराची जुनी फिल्म लावत बसू नका, तुमच्या संघाची लावा. दहा-बारा डाव निवडा, त्यातले निम्मे तरी लाजिरवाणे असू द्यात. 'थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), सात यार्ड हवेत, आपला पहिला कॉर्नरबॅक जखमी होऊन बाकावर, समोर हा रिसीव्हर. काय बोलावशील?' जो स्वतःच्या पद्धतीचं कौतुक सांगू लागतो तो वेगळा, आणि जो विचारतो की तुमचा दुसरा कॉर्नरबॅक डाव्या बाजूला कसा खेळतो, तो वेगळा.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट तपासता येते. बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, मागे हिरवा ठिपका. डीसीचा आवाज त्याच्या कानात येतो, पण प्ले-क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की संपर्क तुटतो. चाळीस सेकंदांचं घड्याळ, म्हणजे मिळाले २५. त्यात समोरचे कोण मैदानात येतायत ते बघायचं, आपली माणसं बदलायची, डाव सांगायचा, आणि त्या खेळाडूने तो उरलेल्या दहा जणांना ओरडून कळवायचा. उमेदवाराला त्याचे दोन-चार कॉल मोठ्याने म्हणायला लावा. वाक्य मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलं, तर नोव्हेंबरात, गोंगाटाच्या स्टेडियममध्ये ते शेवटच्या कॉर्नरबॅकपर्यंत पोचणार नाही.

नातीगोती

डेट्रॉइट लायन्सचे हेड कोच रॉड मॅरिनेली यांनी डीसी म्हणून जो बॅरी यांना नेमलं. बॅरी त्यांचे जावई. २००८ साली लायन्स सोळापैकी सोळा सामने हरले, आणि एका पत्रकार परिषदेत सासऱ्यांना विचारलं गेलं की मुलीने जरा बऱ्या डीसीशी लग्न करायला हवं होतं असं वाटतं का? प्रश्न आचरट होता, नंतर त्यावर गदारोळही झाला. पण जावयाला काढायची वेळ आली तर घरी काय तोंड दाखवायचं, याचा विचार नेमणुकीआधी करायचा असतो. ओळखीचा माणूस घेणं मुळात चूक नाही. स्पॅग्नुओलोही ओळखीचेच होते. ज्याला काढता येणार नाही असा ओळखीचा माणूस घेऊ नये.

गुरू हवा होता, शिष्य मिळाला

फेब्रुवारी २०२३. ईगल्स सुपर बोल ३८-३५ असा हरले आणि दोन दिवसांत त्यांचे डीसी जोनाथन गॅनन ॲरिझोना कार्डिनल्सचे हेड कोच झाले. (कार्डिनल्सनी गॅननशी नियमबाह्य वेळी संपर्क साधल्याचं नंतर निघालं आणि तडजोडीत त्यांना ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतली वरची निवड ईगल्सना द्यावी लागली. फोन करण्याआधी नियम वाचावेत, नाहीतर तो फोन असा महाग पडतो.) फँजिओ त्या हंगामात ईगल्सना सल्ला देत होते, पण तोवर ते मायामीला शब्द देऊन बसले होते. फेब्रुवारी संपता संपता ईगल्सनी घेतलं शॉन देसाई यांना.

देसाई शिकागोत फँजिओंच्या हाताखाली तयार झालेले. २०२१ मध्ये बेअर्सनी त्यांना डीसी केलं तेव्हा ते एनएफएलमधले भारतीय वंशाचे पहिले कोऑर्डिनेटर ठरले, त्यामुळे आपल्याला त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटणं साहजिक आहे. मलाही वाटतो, आणि म्हणूनच सांगतो, त्यांच्यावर अन्याय दोन वेळा झाला. एकदा, डीसी म्हणून एकाच वर्षाचा अनुभव असताना 'फँजिओंची पद्धत येते' म्हणून वयस्क होत चाललेला बचाव त्यांच्या हाती देण्यात आला. आणि दुसऱ्यांदा डिसेंबरमध्ये, संघ १०-३ असताना डाव बोलावण्याचं काम काढून मॅट पॅट्रिशिया यांना दिलं गेलं. त्यानंतर ईगल्स गॅनन यांच्या कार्डिनल्सकडूनही ३५-३१ हरले आणि प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) बुकेनीअर्सनी त्यांना ३२-९ असं धुतलं.

आपला डीसी चांगला चाललाय म्हणजे तो उद्या जाणार, हे गृहीत धरून यादी डिसेंबरमध्येच तयार हवी. आणि यादीतला माणूस दुसरीकडे डीसी असेल, तर त्याच पदासाठी त्याला सोडायला त्याचा संघ नकार देऊ शकतो, हेही लक्षात असू द्यावं. जे उमेदवार खरंच मोकळे आहेत तेवढेच मोजायचे.

हंगाम सुरू झालाय आणि बिनसलंय

पहिला प्रश्न: चुकीचा डाव बोलावला जातोय, की बरोबर डाव चुकीचा खेळला जातोय? फिल्म बघा. रिसीव्हर मोकळे सुटतायत आणि दोन खेळाडू एकमेकांकडे हात करून बघतायत, तर शिकवण्यात गडबड आहे; कॉल शीटवरचे (डावांच्या यादीतले) निम्मे डाव काढून टाका. माणूस जागेवर आहे पण समोरच्याला पाडता येत नाही, तर डीसी बदलून काहीही होणार नाही.

दुसरं, वेळ द्या. २०१९ मध्ये नोव्हेंबरच्या दहा तारखेला टेनेसी टायटन्सनी स्पॅग्नुओलो यांच्या बचावावर ३५ गुण चढवले होते आणि चीफ्स ६-४ असे अडखळत होते. त्यानंतर त्या हंगामात ते एकही सामना हरले नाहीत.

आणि नवखा डीसी बुडतोय असं खरंच दिसलं, तर लगाम काढून घेण्याआधी बाल्टिमोर रेव्हन्सचा मार्ग बघा. २०२४ मध्ये झॅक ऑर पहिल्यांदाच डीसी झाले होते, आणि पास अडवण्यात संघ लीगच्या तळाला. ऑक्टोबरमध्ये रेव्हन्सनी आपलेच जुने डीसी डीन पीस यांना निवृत्तीतून सल्लागार म्हणून बोलावलं. ऑर यांचं पद तसंच राहिलं आणि हंगामाच्या उत्तरार्धात बचाव स्पष्ट सावरला. असा ज्येष्ठ माणूस आणताना त्याचं काम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा: आठवडाभर फिल्म, आराखडा, सूचना. रविवारी हेल्मेटमध्ये आवाज जाईल तो डीसीचाच.