भाड्याच्या घरातला ओटा आणि करंट: या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे भाड्याचं घर बघताना पाणी किती वाजता येतं हे सगळे विचारतात, स्लॅब मे महिन्यात किती तापतो तेही विचारतात. ओट्यावरच्या बोर्डाकडे कोणी बघत नाही. मग सामान लागतं, फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि घरमालकीणबाईंचं उत्तर तयार असतं: "तिथं थोडं झिणझिणतं भाऊ, चप्पल घालून वापरा."

ही चप्पल म्हणजेच पहिली चूक. फ्रिजच्या पत्र्यावर करंट येतो, म्हणजे आत गळती आहे आणि तिला जमिनीत जायला वाट नाही. ती वाट म्हणजे अर्थिंग, सॉकेटचं वरचं मोठं भोक. प्लगची जाड पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे फेज (करंट आणणारी वायर) यायच्या आधी अर्थ जोडला जातो. ती पिन कापून किंवा टू-पिन लावून काम भागवणारे बहाद्दर घरोघरी आहेत.

त्या भोकात टेस्टर घालून "पेटत नाही, म्हणजे अर्थिंग ठीक" असं समजू नका. आत वायरच नसली तरी टेस्टर पेटणार नाही. वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघतो, पण तेवढ्यावरही सोडू नका, बोर्ड उघडून दाखवायला सांगा. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलचाच (करंट परत नेणाऱ्या वायरचाच) तुकडा काढून अर्थच्या टर्मिनलला जोडलेला सापडतो. बल्ब त्यावरही झकास पेटतो. मागे कुठं न्यूट्रल तुटली की फ्रिजचा अख्खा पत्रा 230 व्होल्टवर! अर्थची हिरवी वायर खाली जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जायला हवी. आपल्याकडे पारा 45 च्या घरात गेला की जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

दुसरी चूक इंडक्शनची. 2000 वॉटची शेगडी जवळपास 9 अँपिअर ओढते, छोटं सॉकेट असतं 6 चं. एक्स्टेंशनवर तर ती लावूच नका. प्लग गरम लागतो, सॉकेट पिवळं पडतं, जळका वास येतो, तिथंच थांबा. नुसतं 16 चं सॉकेट बसवून भागत नाही, मागची वायर 1.5 चौरस मिमीचीच असेल तर आता ती तापेल. मेन बोर्डापासून वेगळी, निदान 2.5 ची तांब्याची वायर हवी.

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून मोठा बसवायचा, हा उपाय तर सरळ आगीला आमंत्रण. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) लागतो. तो पडत असेल तर सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा. ज्या वस्तूला पडेल, ती दुरुस्तीला. काहीच न लावता पडला तर दोष वायरिंगमध्ये.

बल्ब अचानक डोळे दिपतील असे पेटले तर मेन स्विच बंद करून महावितरणला 1912 वर फोन करा, तो बिघाड बहुधा बाहेरच्या न्यूट्रलचा असतो. घरातल्या वायरिंगचा खर्च घरमालकाचा. तोंडी बोलू नका, जळक्या सॉकेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. टाळाटाळ झालीच, तर खर्च भाड्यात वळता करायचं तिथंच लिहून घ्या आणि मगच वायरमन बोलवा.