जुन्या फोर-बाय-फोर गाडीची बॅटरी चार्ज का होत नव्हती

इंजिन चालू असतानाही बॅटरीवर जेमतेम १२.९ व्होल्ट दिसत होते. ते साधारणपणे १३.८ ते १४.४ असायला हवेत, म्हणून इंजिनच्या फिरण्यातून वीज तयार करणारा अल्टरनेटरच निकामी झाला असे मी गृहीत धरले. मात्र तो उतरवण्यापूर्वी, हेडलाइट लावून, त्याच्या मुख्य टर्मिनलपासून त्याच्याच धातूच्या अंगापर्यंत मोजले, तेव्हा मीटरने १४.३ व्होल्ट दाखवले. म्हणजे वीज तयार होत होती, पण वाटेत कुठेतरी अडत होती. धन बाजूची, म्हणजे मुख्य टर्मिनलपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंतची, व्होल्टेजची घट केवळ ०.१ व्होल्ट निघाली. बॅटरीचे ऋण टोक आणि अल्टरनेटरचे अंग यांच्यात मात्र तब्बल १.३ व्होल्ट होते, जे ०.२ च्या आत असावेत. (ही तपासणी इंजिन चालू असतानाच करावी लागते, विद्युतप्रवाह नसेल तर खराब जोडही निर्दोष भासतो.) इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने विजेचा परतीचा मार्ग इंजिनला चॅसिसशी (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी) जोडणाऱ्या विणलेल्या अर्थ पट्टीवरच अवलंबून होता आणि वर्षानुवर्षांच्या चिखलपाण्याने ती आतून हिरवी पडली होती. नवी पट्टी बसवताना बोल्टखालचा रंग व गंज धातू चमकेपर्यंत घासला. आता बॅटरीवर १४.१ व्होल्ट मिळतात.