घराच्या रिनोव्हेशनसाठी कॉन्ट्रॅक्टर निवडताय? आधी खालच्या मजल्याचं छत बघून या

आमचं पहिलं रिनोव्हेशन फसलं. "दोन्ही बाथरूम आणि किचन, सगळं मिळून साडेचार लाख", एवढा एका ओळीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, त्यावर निम्मी रक्कम ॲडव्हान्स, आणि तिसऱ्या आठवड्यापासून माणसं येईनाशी झाली. उरलेलं काम दुसऱ्याकडून पुरं करून घेतलं. सहा महिन्यांत आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरलं, नेमकं त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. त्या घरातल्या आजींना मान वर करून ते ओलं छत दाखवताना पाहिलं, ते अजून विसरता येत नाही. पुढे सासूबाईंचा ठाण्याचा फ्लॅट करायची वेळ आली तेव्हा कॉन्ट्रॅक्टर निवडायलाच आम्ही दोन महिने घेतले. तेच इथे क्रमाने लिहिते.

पायरी १ : कॉन्ट्रॅक्टरला बोलावण्याआधी आपली यादी करा

खोलीनिहाय यादी करा. काय तोडायचं, काय ठेवायचं, कोणती फरशी, विजेचे किती पॉइंट, गिझर कुठे, वॉशिंग मशीनचं पाणी कुठे जाणार. यादी तुमच्या हातात नसेल तर प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर आपल्या मनातल्या कामाचा भाव सांगेल, आणि तीन वेगळ्या कामांच्या तीन भावांची तुलना करताच येत नाही.

भिंत हलवायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि महापालिकेची लागते का तेही विचारून घ्या. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल सोसायटीकडे असायला हवा, तो मागून वाचा. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला, असा रहिवाशांचा आरोप होता. कल्याणच्या सप्तशृंगी इमारतीत मे २०२५ मध्ये चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळून ६ जणांचा जीव गेला. म्हणून पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला एकच विचारत असे, "हा बीम थोडा छाटला तर किचन मोठं होईल का?" "करून टाकू, मॅडम" म्हणणाऱ्याला चहा दिला आणि त्याचं नाव यादीतून काढलं. "बीमला हात लावणार नाही, इंजिनिअरचं पत्र आणा" म्हणणारा यादीत राहिला.

पायरी २ : नावं कुठून आणायची

नातेवाइकांकडून नावं मिळतातच, पण जास्त कामाची माहिती दोन ठिकाणी असते. पहिलं म्हणजे सोसायटीचं ऑफिस. बऱ्याच सोसायट्या रिनोव्हेशनआधी डिपॉझिट घेतात. कुणाच्या कामात लिफ्ट खराब झाली, कुणी राडारोडा जिन्यात टाकून ठेवला, कुणाचं डिपॉझिट कापलं गेलं, हे मॅनेजरला पाठ असतं. दुसरं ठिकाण म्हणजे हार्डवेअर आणि टाइल्सचं दुकान. कोण वेळेवर पैसे देतो आणि कुणाची उधारी थकली आहे, हे दुकानदाराला ठाऊक असतं. दुकानात थकबाकी असलेला माणूस तुमच्या ॲडव्हान्समधून आधी जुनी उधारी फेडतो. आमचे पहिले पैसे बहुधा तिकडेच गेले.

जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. १५ अक्षरांचा तो क्रमांक महाराष्ट्रात नोंदवलेला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली तेही तिथे दिसतं.

पायरी ३ : दोन कामं बघा, एक जुनं आणि एक चालू

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कॉन्ट्रॅक्टरच्या मोबाइलवरचे फोटो काम संपल्याच्या दिवशी काढलेले असतात, आणि त्या दिवशी सगळ्यांचंच काम छान दिसतं. म्हणून किमान दोन वर्षं जुनं काम दाखवायला सांगा.

त्या घरात गेल्यावर मालकांची परवानगी घेऊन बाथरूममध्ये एक तांब्या पाणी ओता. पाणी सरळ नाहणीकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, गेलं पाहिजे, कोपऱ्यात डबकं राहता कामा नये. टाइलवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला नीट भरलेला नाही. दरवाजाची चौकट खालून काळी पडली आहे का, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा रंग फुगला आहे का, तेही बघा.

मग एक मजला उतरा आणि खालच्या घराची बेल वाजवा. मला संकोच वाटला होता. "काकू, वरच्या ताईंचं काम ज्यांनी केलं त्यांनाच आम्ही काम देतोय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का?" असं विचारलं. काकूंनी दिवा लावला, स्टूल आणून दिलं आणि म्हणाल्या, "बघ ना, निवांत बघ. एक पोपडा निघालेला नाही. आणि तोडफोड चालू होती तेव्हा दुपारी दोन ते चार काम बंद ठेवायचा गं, आमचे हे आजारी होते म्हणून." वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची लेखी गॅरंटी दाखवणारे तिघे भेटले होते. काम मात्र आम्ही काकूंच्या छतामुळे चौथ्याला दिलं.

चालू साइटवर न सांगता जा. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर टेकलेल्या आहेत की फळ्यांवर रचलेल्या? नव्या प्लॅस्टरवर पाणी मारतात का? गवंडी आणि वायरमन कायमचे त्याचेच आहेत की नाक्यावरून रोज नवे? कामगारांशी दोन शब्द बोला, पगार वेळेवर होतो का ते कळतं. जिथे होत नाही तिथली माणसं तुमचं काम अर्धवट टाकून दुसरीकडे जातील, आणि त्यांचं काही चुकलंही नसेल.

पायरी ४ : कोटेशन ओळ न ओळ वाचा

तिघांना तीच यादी द्या आणि प्रत्येक कामाचा वेगळा दर मागा: फरशी चौरस फुटाने, ओटा आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) रनिंग फुटाने, म्हणजे लांबीवर, वायरिंग पॉइंटप्रमाणे. "चांगलं प्लाय" म्हणजे काहीच नाही. पाण्याजवळच्या कपाटांना आयएस (भारतीय मानक) ७१० चं मरीन प्लाय आणि बाकी ठिकाणी आयएस ३०३, असं ब्रँडसकट लिहून घ्या. वायरच्या जाडीचंही तसंच: दिव्यांना १.५, पॉवर प्लगला २.५, एसी-गिझरला ४ स्क्वेअर एमएम. राडारोडा खाली उतरवून नेण्याचा खर्च कुणाचा, तेही लिहा. मटेरियलसकट ठेक्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो भावात धरलाय की वरून येणार? ही ओळ राहिली की शेवटी भांडण होतं.

एकाचा भाव बाकीच्यांपेक्षा फारच कमी असेल तर त्याला घासाघीस न करता विचारा, "यात काय धरलेलं नाही?" आमच्याकडे त्या एका प्रश्नावर वॉटरप्रूफिंग आणि राडारोडा नेण्याचा खर्च दोन्ही बाहेर निघाले.

पायरी ५ : पैशाचे हप्ते कामाला बांधा

तारखांना हप्ते बांधू नका. आम्ही सुरुवातीला १० टक्के दिले. पुढचे हप्ते तोडफोड व प्लंबिंग, वॉटरप्रूफिंगची चाचणी, फरशी, सुतारकाम, रंग असे एकेक टप्पा पुरा झाल्यावर. शेवटचे १० टक्के सहा महिन्यांनी. हे ऐकून एकाने काम नाकारलं, आणि ते आधीच कळलं हे बरं झालं. करारात जादा कामाची अटही घाला: दर लेखी ठरल्याशिवाय जादा काम सुरू करायचं नाही. पैसे बँकेतून द्या. वाद झालाच तर ग्राहक आयोगात जाताना हेच कागद लागतात. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते, दोन वर्षांच्या आत. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पायरी ६ : दोन गोष्टी झाकल्या जाण्याआधी

पाइप आणि वायरच्या लाइनी भिंतीत टाकल्या की प्लॅस्टर व्हायच्या आत मोजपट्टी लावून फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना त्याच फोटोंवर भिस्त असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावण्यापूर्वी, नाहणी बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायला सांगा. किमान ४८ तास. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने न सांगता ७२ तास ठेवलं आणि रोज सकाळी स्वतः खाली जाऊन छत बघून आला. तिथे मी मनातून निर्धास्त झाले.

सहा महिने झाल्यावर तो उरलेल्या १० टक्क्यांसाठी फोन करेल. "उद्या या" म्हणा, आणि आज संध्याकाळी खालच्या घराची बेल वाजवून छत बघून या.