टॅपेट गप्प झाला की घाबरा: इंजिनाचे व्हॉल्व्ह शिकताना

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमधून बाहेर पडून सातपूर-अंबडकडच्या गॅरेजात कामाला लागलात, की थोड्याच दिवसांत टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट (गॅप) जुळवण्याचं काम, हातात येतं. काम सोपं दिसतं. झाकण उघडायचं, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा, स्क्रू फिरवायचा. पण आत काय चाललंय ते डोळ्यांपुढे नसेल, तर हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) खराब होतं ते इथूनच.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे २००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो आणि बसतो. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर ट्रॅक्टर द्राक्षबागेत चार तास फवारणीचा ब्लोअर ओढतो, तेवढ्यात एकेक व्हॉल्व्ह जवळपास २,४०,००० वेळा सीटवर (हेडमधल्या ज्या कडेला तो टेकतो तिच्यावर) बसलेला असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगावरून तर जळता वायूच जातो. त्याची बरीचशी उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये उतरते. सीटला टेकलेला असतो तेवढाच वेळ त्याला निवायला मिळतो. हे एवढं पक्कं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

टॅपेटला गॅप ठेवतात कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याचा गॅप बहुधा इनटेकपेक्षा (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा) जास्त असतो. मोटरसायकलला ०.०५ ते ०.१५ मिमी, ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला ०.२० ते ०.४० मिमी असा साधारण हिशोब. पण नेमका आकडा आणि तो थंड इंजिनाचा की गरम, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

गॅप वाढला की टिकटिक ऐकू येते आणि गिऱ्हाईक स्वतःहून गाडी आणतं. गॅप संपला तर काहीच ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह अर्धवट टेकतो, निवत नाही, फटीतून वायू सुटतो आणि कड जळून तिथे खाच पडते. सीएनजी रिक्षांमध्ये हे खास बघा. गॅस कोरडा असल्यामुळे सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो, दांडी वर येते आणि गॅप आपोआप कमी होतो. त्यामुळे ‘इंजिन एकदम शांत झालंय’ असं कुणी खुशीत सांगितलं, तर आधी गॅप मोजा.

नवीन हाताची नेहमीची चूक म्हणजे टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) खूण जुळली की लगेच गॅप बघणं. खूण एका सायकलमध्ये दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होताना, आणि त्या दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. चार सिलिंडरच्या १-३-४-२ फायरिंग ऑर्डरमध्ये चौथ्याचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलताना दिसले, की पहिला कॉम्प्रेशनला आहे. गेज ओढताना हलकी पकड लागली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट गेज त्याच्यावरून पुलासारखा जातो आणि खरा गॅप मोजला जात नाही. तो रॉकर बदलाच.

हेड उतरवलंच तर पुठ्ठ्याला भोकं पाडून व्हॉल्व्ह क्रमाने त्यात खोचून ठेवा. ज्याची सीट त्यालाच परत. लॅपिंग करताना, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासताना, काठी दोन्ही तळव्यांत मागेपुढे फिरवा आणि दर काही फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा टेकवा, नाहीतर गोल चरे पडतात. आधी जाड पेस्ट, मग बारीक. सगळीकडे सारखा, मळकट राखाडी पट्टा उमटला की थांबा. पट्टा फार रुंद झाला तर त्यावरचा दाब कमी होऊन कार्बन अडकतो, फार अरुंद राहिला तर उष्णता उतरत नाही. पेस्टचा कणही गाइडमध्ये (दांडी सरकते त्या नळीत) राहू देऊ नका, तो दांडी खात राहतो.

स्प्रिंग-लॉक बसवून झाल्यावर हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओता आणि पाच मिनिटं थांबून पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वायूच्या वाटेत) बोट फिरवा. बोट ओलं झालं तर तो व्हॉल्व्ह पुन्हा काढायचा.