टोकामाकच्या सिम्युलेशनमध्ये उष्णतेचा प्रवाह फुगतोय? या चुका टाळा

उत्तरायणाच्या सुट्टीत शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली. "काका, कोड कुठेच अडकत नाही, पण आयनांची उष्णता नुसती धो धो बाहेर पडतेय." गांधीनगरजवळच्या भाटचा 'आदित्य' टोकामाक (तापलेला प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून ठेवणारं संलयन यंत्र) बडोद्यापासून दूर नाही, त्यामुळे इथली मुलं या विषयाकडे वळतात याचा मला फार आनंद होतो.

तिची चूक इलेक्ट्रॉनांत होती. वेळ वाचवण्यासाठी त्यांना अ‍ॅडियाबॅटिक (विद्युत पोटेन्शियलला क्षणात जुळवून घेणारे) धरणं चालतं. ड्यूटेरियम आयनांपेक्षा ते साधारण 60 पट वेगवान, खरे सोडवायचे तर टाइमस्टेप (गणितातली वेळेची पायरी) तितकीच बारीक लागते. पण इलेक्ट्रॉन चुंबकीय पृष्ठभागावरच (क्षेत्ररेषांनी बनलेल्या थरावरच) धावतात, एकावरून दुसऱ्यावर सहज जात नाहीत. म्हणून त्यांच्या प्रतिसादातून पोटेन्शियलची त्या पृष्ठभागावरची सरासरी वजा करावीच लागते. कोडमधली ती ओळ राहिली की झोनल फ्लो, म्हणजे प्लाझ्मातले पट्ट्यांसारखे आडवे प्रवाह, दुबळे पडतात. उष्णता बाहेर नेणारे टर्ब्युलन्सचे भोवरे फाडून टाकणारे तेच; ते गेले की उष्णतेला अडवायला कोण उरलं?

ही चूक पकडायला रोझेनब्लुथ-हिंटन चाचणी करा. टर्ब्युलन्स बंद ठेवून एकच झोनल लहर सोडायची. ती हेलकावे खात शेवटी सुरुवातीच्या उंचीच्या 1/(1+1.6q²/√ε) या भागावर स्थिरावली पाहिजे; इथे q म्हणजे चुंबकीय रेषांचा पीळ सांगणारा सेफ्टी फॅक्टर आणि ε म्हणजे लहान त्रिज्या भागिले मोठी त्रिज्या. q = 1.4 आणि ε = 0.18 ला हे उत्तर सुमारे 0.12 येतं. काही मिनिटांचं काम, तरी मुलं ते टाळून थेट मोठा रन लावतात, याचं मला वाईट वाटतं.

अस्थिरता वाढताना दिसली म्हणजे उष्णता गळणारच, असंही धरू नका. सायक्लोन बेस केसमध्ये (कोड तपासण्याच्या ठरलेल्या नमुना उदाहरणात) रेषीय गणिताने R/L_T चा, म्हणजे तापमानाच्या उताराचा, उंबरठा 4 च्या आसपास येतो, पण झोनल फ्लो जवळपास 6 पर्यंत टर्ब्युलन्स दाबून ठेवतात. हीच डिमिट्स शिफ्ट. मधल्या पट्ट्यात प्रवाह शून्याजवळ आला तर कोडवर शंका घेऊ नका.

सरासरी काढताना सुरुवातीचा उंच सुळका वगळा. तो संतृप्तीच्या, म्हणजे टर्ब्युलन्स स्थिरावण्याच्या, आधीचा असतो.

दोन कोडची तुलना करत असाल तर आधी औष्णिक वेग √(T/m) आहे की √(2T/m) ते बघा. एवढ्यानेच गायरो-बोहम एकक (उष्णतेचा प्रवाह मोजायचं माप) सुमारे 2.8 पट बदलतं. त्या मुलीने ओळ दुरुस्त केल्यावरही उरलेला फरक नेमका इथेच सापडला.