वर्गात लघवी सुटत असेल तर

नववीत माझी सलवार वर्गातच ओली व्हायची. लातूरजवळचं आमचं गाव, उन्हाळ्यात टँकरवर. शाळेच्या संडासात पाणी नसायचं. म्हणून मी दिवसभर पाणी प्यायचे नाही, आलेली लघवी दाबून धरायचे. शाळा सुटल्यावर ओढणी मागं ओढून सगळ्यांत शेवटी उठायचे. पाणी टाळणं चुकीचंच होतं. त्यानं लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई उलट वाढते.

तू सकाळपासून थोडं थोडं पाणी पी. चहा कमी कर. लागण्याची वाट न बघता दर दोन-तीन तासांनी जाऊन ये. बाईंना एकदा सांगून ठेव. मला बोलवेना, मी चिठ्ठी दिली होती. दप्तरात जास्तीची गडद सलवार, पॅड, ओल्या कपड्यांना पिशवी. पोटही साफ राहू दे, बद्धकोष्ठानं मूत्राशयावर दाब येतो.

दोन-तीन दिवस वहीत लिही: किती प्यालीस, कधी गेलीस, कधी सुटली. तीच वही डॉक्टरांना दाखव. लघवीच्या साध्या तपासणीत जंतुसंसर्ग, साखर कळते. जळजळ, ताप, रक्त, सारखी तहान असेल तर त्याच दिवशी जा.

आईला मी चुलीपाशी सांगितलं. भाकरी तव्यावर तशीच ठेवून ती म्हणाली, "अगं माय, आधी का नाही सांगितलंस?"